आईच्या खुब्याची नस फाटली, ऑपरेशन करावं का थांबावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आईसाठी विचारून राहिलो. वय ५६, यवतमाळ जिल्ह्यात खेड्यावर राहतो, घरची कापसाची शेती. दिवाळीपासून तिचा उजवा खुबा दुखते, जांघेत नाही, बाहेरच्या बाजूनं हाडाचा उंचवटा हाताला लागते ना तिथं. रात्री त्या कुशीवर झोपताच येत नाही. पहिले सगळे म्हणे वात आहे, पण एक्सरेत सांधा चांगला निघाला. आपल्याकडे सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) किती आहे माहीतच आहे, त्यानं खुब्याचं हाड सुकते म्हणून तेही तपासलं, निगेटिव्ह. मग नागपूरला एमआरआय केला तर ग्लुटियस मीडियसच्या टेंडनला, म्हणजे खुब्याच्या बाजूचा स्नायू हाडाला जोडणाऱ्या नसेला, अर्धवट फाट लिहून आलं.

आता एक डॉक्टर म्हणतात नस हाडाला शिवून टाकू, दुसरे म्हणतात व्यायाम करा, घाई काहून करता. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं, काही दिवस मस्त होती, मग पुन्हा तेच. अन् व्यायामाचा कागद देव्हाऱ्यामागं खोचून ठेवला आहे, वेचणीच्या दिवसात कोणती बाई व्यायाम करते सांगा! ऑपरेशन केलं तर सहा आठवडे कुबड्या म्हणतात, आमचं संडास खाली बसायचं. कशावरून ठरवायचं?

प्रतिसाद:
दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे. फाट वाचून घाबरू नका, पन्नाशीनंतर न दुखणाऱ्या खुब्यातही अशी फाट दिसते. काकूंना भिंतीजवळ उजव्या पायावर उभं करा, डावीकडची कंबर खाली पडते का पाहा, चालताना झोक जाते का तेही. नस पूर्ण तुटली, ताकद गेली, किंवा तीन ते सहा महिने खरोखर व्यायाम करून फरक नाही, तेव्हा ऑपरेशनचं बोला. पण ताकद जात असेल तर लांबवू नका, स्नायूत चरबी भरली की शिवूनही उपयोग कमी होते. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात २०४ पेशंटवर अभ्यास झाला, नस पूर्ण न तुटलेल्यांचा, त्यात आठ आठवड्यांनी व्यायामवाले इंजेक्शनवाल्यांपेक्षा बरे निघाले. सारखं इंजेक्शन नको, नस कमजोर होते. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, मांडी घालून बसणं बंद.

धागाकर्ता:
ताई, आत्ताच पाहिलं. दुखते, पण कंबर नाही पडत. मांडी न घालता वाती कशा वळू म्हणते, स्टूल आणतो. रिपोर्टमध्ये चरबीचं कुठं लिहिलेलं असते?