म्हातारी म्हैस क्लोन करून परत मिळते काय?

वेदगंगाकाठ (निपाणी)
आमच्या गोठ्यात पंढरपुरी म्हैस आहे, गौरा. शिंगं तलवारीसारखी, खांद्याच्या मागं पोचलेली. वय चौदा, नऊ वेतं झाली. भर वेतात दोन्ही वेळचं मिळून १२ लिटर द्यायची. कधी पान्हा चोरला नाही, लाथ उगारली नाही. थोरलीचं कॉलेज, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं तिच्या दुधावर झालं. पण नऊ वेतांत सहा रेडे. दोन पारड्या लहानपणीच गेल्या. एक जगली, ती पहिल्याच वेतानंतर घटसर्पानं गेली. तिची एक रेडी मागं आहे, अडीच वर्षांची.

गौराला यंदा दोनदा भरवलं, दोन्ही वेळा उलटली. मागच्या आठवड्यात एक माणूस घरी आला. म्हणाला, कानाचा तुकडा द्या, गोठवून ठेवतो, पुढं अगदी हीच म्हैस क्लोन करून देतो. आत्ता २५ हजार, बाकीचं नंतर. कागदावर सही मागतोय. मला रात्री झोप नाही. हे खरंच होतं काय? झालं तर गौराच येईल काय? यात धोका काय? जाणत्यांनी सांगा.

निवृत्त पशुवैद्य (चिकोडी)
दादा, क्लोन होतो हे खरं. हरियाणात कर्नालला राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था आहे, तिथं ६ फेब्रुवारी २००९ ला क्लोन केलेली पारडी जन्मली, समरूपा. आठवडाभरही जगली नाही. जूनमध्ये गरिमा झाली, ती दोन वर्षांवर जगली. २०१० साली गरिमा-२ आली आणि २०१३ च्या जानेवारीत ती स्वतः व्याली. त्या दिवशी आमच्या दवाखान्यात मी पेढे वाटले होते.

आता कसं करतात ते सांगतो, म्हणजे धोका कुठं आहे ते कळेल. कातडीच्या पेशीच्या केंद्रकात गौराची सगळी जनुकं असतात. दुसऱ्या म्हशीचं स्त्रीबीज घ्यायचं, पुष्कळदा कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयातलं, त्याचं केंद्रक काढून टाकायचं आणि गौराची पेशी विजेच्या झटक्यानं त्यात मिसळायची. आठवडाभर प्रयोगशाळेत वाढवून तिसऱ्याच म्हशीच्या गर्भपिशवीत सोडायचं.

कातडीच्या पेशीत कातडीला लागतील तेवढीच जनुकं उघडी असतात, बाकीची कुलपात. स्त्रीबीजानं ती सगळी कुलपं थोड्या वेळात काढून पहिल्यापासून सुरुवात करायची असते. एखादं कुलूप तसंच राहिलं की गर्भ जिरतो, वार नीट धरत नाही, पिशवीत पाणी साठतं. कधी वासरू पोटातच अवाढव्य वाढतं. जन्मलं तरी फुप्फुस नाहीतर काळीज साथ देत नाही. १९९६ ची क्लोन केलेली डॉली मेंढी सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यामागं पेशी आणि स्त्रीबीजाच्या २७७ जोडण्या होत्या. त्यातून २९ भ्रूण मिळाले, ते १३ मेंढ्यांत सोडले, कोकरू एकच आलं. गाईम्हशींतही शंभर भ्रूण सोडले तर दहाच्या आतच वासरं जिवंत हाती लागतात.

कान कापून पेशी गोठवणं सोपं आहे. सहीआधी त्या माणसाकडून एवढं लेखी घ्या: काम कुठल्या प्रयोगशाळेत होणार, आणि तिथल्या किती पारड्या वर्षाच्या झाल्या. जन्मल्या किती, एवढ्यावर भागवू नका.

गवळी गल्ली (बेळगाव)
डॉक्टरकाका, तुम्ही सगळं नीट सांगितलंत. पण ज्यांच्या पोटात हे वाढवायचं त्या म्हशींचं काय? चार वर्षांखाली आमच्या चंद्रीचं रेडकू अडलं. रात्री दोनला डॉक्टर आले, पहाटेपर्यंत दोरी लावून ओढलं. रेडकू मेलेलंच आलं, आणि चंद्री परत उठली नाही. ते तर साधं रेतन होतं. क्लोनचं रेडकू पोटात अवाढव्य वाढू शकतं हे आधीच माहीत असताना हे दुसऱ्याच्या दहा-पंधरा म्हशींच्या अंगावर घालायचं, माझा जीव नाही धजत.

आणि दादा, गौरा पान्हा सोडते ती तुमच्या हाताला. पाडव्याला आम्ही शिंगं रंगवून म्हशी मिरवतो, तेव्हा भर गर्दीतही आमची म्हैस माझी हाक ओळखते. ते सांभाळून येतं, कानाच्या तुकड्यात येत नाही.

उसाचा मास्तर (अथणी)
आक्कांचं बरोबर आहे. टेक्सासात २००१ च्या डिसेंबरात मांजर क्लोन केलं. मूळ मांजर तिरंगी, पिल्लाच्या अंगावर नारिंगी रंगाचा ठिपकाही नाही. जनुकं तीच, पण पोटात वाढताना कुठल्या पेशीत कुठलं जनुक बंद होईल ते पुन्हा तसंच घडत नाही. शिवाय थोडी जनुकं केंद्रकाबाहेरही असतात, ती ज्या म्हशीचं स्त्रीबीज तिची येतात.

क्लोन आपण शेतात रोज लावतोच. माझा चार एकर ८६०३२ जातीचा ऊस म्हणजे एकाच झाडाच्या कांड्या. म्हणून तर बेण्यातून गवताळ वाढीचा रोग शिरला की फडभर पसरतो आणि तीन वर्षांनी बेणं बदलावं लागतं. केळीचं तर फार वाईट झालं. जगभर विकली जाणारी ग्रो मिशेल जात सगळी एकसारखी होती. मर रोगानं गेल्या शतकात मध्य अमेरिकेतल्या बागाच्या बागा गेल्या, कारण एक झाड ज्याला बळी पडतं त्याला सगळीच पडतात. उद्या प्रत्येक गोठ्यात एकाच म्हशीच्या नकला उभ्या राहिल्या आणि नवी साथ आली, तर तग धरणारं वेगळं रक्त आणायचं कुठून?

पेशी गोठवायला मात्र माझा विरोध नाही. आमच्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली गाय आता शोधत फिरावं लागतं. तसल्या जातीच्या पुष्कळ वेगवेगळ्या जनावरांच्या पेशी सरकारी जनुकपेढीत असाव्यात, आणि हे काम लवकर व्हावं.

निवृत्त पशुवैद्य (चिकोडी)
दादा, एक राहिलं. ती अडीच वर्षांची रेडी. गौराचं चौथाई रक्त तिच्यात आहे. ज्या रेड्याच्या मुलींच्या दुधाची नोंद आहे अशा पंढरपुरीचं रेतन करा, घटसर्पाची लस चुकवू नका. व्याल्यावर दूध रोज मोजून वहीत लिहा.

वेदगंगाकाठ (निपाणी)
काका, आक्का, मास्तर, तुमचं सगळं घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. चंद्रीचं ऐकून आमच्या मंडळींच्या डोळ्यात पाणी आलं. त्या माणसाला काल फोन करून दोन्ही गोष्टी विचारल्या. वरच्या लोकांना विचारून सांगतो म्हणाला. सही केली नाही, करणारही नाही.

गौरा विकायची नाही, गोठ्यातच राहील. रेडीला आज पहाटे माज दिसला, रेंकत होती. संध्याकाळी डॉक्टर पंढरपुरी रेड्याच्या रेतनाची कांडी घेऊन येतायत. वही आणलीय, पहिल्या पानावर गौराची नऊ वेतं आठवून लिहितोय.