लिंटरची (कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणाऱ्या टूलची) वॉर्निंग एका ओळीत आटोपावी की काय बिघडेल तेही सांगावं?

रात्रपाळी
बॅश स्क्रिप्टसाठी शेलचेक या लिंटरला पर्याय नाही, पण त्याची हमखास दिसणारी एससी२०८६ ही वॉर्निंग नवख्याला काहीच सांगत नाही. 'ग्लोबिंग आणि वर्ड स्प्लिटिंग टाळण्यासाठी डबल कोट्स घाला', बस. ग्लोबिंग म्हणजे काय (कमांड चालवणारा शेल * सारख्या खुणेच्या जागी जुळणाऱ्या फाईलींची नावं घालतो ते) हे ज्याला ठाऊक, तो कोट्स सहसा विसरत नाही.

समजा फाईलचं नाव 'जून अहवाल' आहे, मध्ये स्पेस. फाईल उडवणाऱ्या आरएम कमांडपुढे ते नाव असलेलं व्हेरिएबल कोट्सशिवाय लिहिलं, तर शेल 'जून' आणि 'अहवाल' अशा दोन फाईली उडवायला जातो. 'अहवाल' नावाची वेगळी फाईल तिथे असली तर ती गेलीच! 'नावात स्पेस आली तर तुकडे होतील, भलतीच फाईल उडू शकते' हे वॉर्निंगमध्येच का नको? रस्ट या भाषेच्या कंपायलरने २०१६ मध्ये एररची मांडणी बदलली ती याच दिशेने: चुकलेली ओळ समोर, नेमक्या जागेखाली खूण, शेजारी कारण.

जुनाजाणता
साफ असहमत. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं हे लिंटरला कळत नाही. फ्लॅग्ज (कमांडचे पर्याय) एका व्हेरिएबलमध्ये भरून कमांडला देणारे कितीतरी आहेत, त्यांना तुकडे हवेच असतात. तिथे 'फाईल उडेल' हे खोटं ठरतं, आणि एकदा खोट्या ठरलेल्या वॉर्निंगकडे पुन्हा कोणी बघत नाही. प्रत्येक नंबरामागे विकीवर उदाहरणांसकट पान आहे, ते वाचा की.

रात्रपाळी
'उडेल' नाही, 'उडू शकते' म्हटलंय. आणि डेडलाइनच्या दिवशी पान कोण उघडतंय? ओळीवर वॉर्निंग बंद करणारी डिसेबलची कॉमेंट टाकून लोक मोकळे होतात.

बिल्डमास्तर
तुम्ही दोघं लांबीवरून वाद घालताय, खरा त्रास संख्येचा आहे. जुन्या प्रोजेक्टवर पायलिंट हा पायथॉनचा लिंटर चालवून बघा. मॉड्यूलला डॉकस्ट्रिंग (वर्णनाचा मजकूर) नाही ही सी०११४ ची तक्रार आणि खराखुरा बग, दोन्ही एकाच ढिगात. रस्टच्या क्लिपी या लिंटरने काटेकोर नियमांचा 'पेडँटिक' गट मुळातच बंद ठेवलाय, ते मला जास्त पटतं. आधी नियम कमी करा, मग शब्द सुधारा.

नवीनभरती
नियम कमी केले तरी जे उरतील ते कळायला हवेत ना? जावास्क्रिप्टचं इएसलिंट सांगतं, 'तीन बरोबर (===) अपेक्षित, दिसले दोन (==)'. मी तिसरं चिन्ह घालून पुढे जायचे. दोन बरोबर वापरले तर जावास्क्रिप्ट शून्य आणि रिकामी स्ट्रिंग एकच मानतं, हे एका सीनियरने पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासायला देतात तिथे) समजावलं तेव्हा कळलं. हे एक वाक्य टूलनेच दिलं असतं तर बरं झालं असतं.

जुनाजाणता
@नवीनभरती, हे मान्य. तिथे एक वाक्य वाढवायलाच हवं. पण सीआयच्या (कोड पाठवला की तो आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेच्या) लॉगमध्ये पाल्हाळ नको. पायथॉनच्या रफ या लिंटरमध्ये आउटपुटसाठी 'कन्साइज' आणि 'फुल' असे दोन्ही पर्याय आहेत. एडिटरमध्ये सविस्तर, सीआयमध्ये एक ओळ. एससी२०८६ बद्दल मात्र माझं मत तेच.

रात्रपाळी
पण नवखा अडकतो तो सीआयमध्येच! त्याच्या एडिटरमध्ये लिंटर अजून बसवलेलाच नसतो. बिल्ड नापास होऊन लाल झाली की त्याच्या हातात तो लॉगच असतो. कारण तिथेच लिहिलेलं हवं.