'स्कॅम 1992'मधली बीआर खरी होती की खोटी?

मालिकावेडा
शेअर दलाल हर्षद मेहतांच्या घोटाळ्यावरच्या 'स्कॅम 1992' मालिकेत रेडी फॉरवर्ड (बँकांमधला रोख्यांचा उलटणारा सौदा) आणि बीआर (बँक रिसीट, म्हणजे रोखे देणं लागतो अशी बँकेची पावती) यांचा भाग फार भराभर उरकलाय. दोन गोष्टी कळल्या नाहीत. बीआर बोगस होती, तर पैसे देणाऱ्या बँकेला संशय कसा आला नाही? आणि चेक बँकेच्या नावाचा असताना पैसा हर्षद मेहतांच्या खात्यात गेला कसा? शेअर बाजार समजतो, बँकेच्या ट्रेझरीचं (पैसे आणि रोखे सांभाळणाऱ्या विभागाचं) काम नाही, तेव्हा त्या बेताने सांगा.

रोखेबाज
कागद बँकेचाच, सह्या अधिकाऱ्यांच्याच. मागे रोखे नव्हते, एवढंच. त्यामुळे पावती कितीही निरखली तरी काही सापडलं नसतं.

रेडी फॉरवर्डचा मुळात व्यवहार असा. 'अ' बँकेला 15 दिवसांसाठी पैसे हवेत. ती 'ब' बँकेला 100 कोटींचे सरकारी रोखे विकते आणि त्याच वेळी ते ठरलेल्या चढ्या भावाने परत घ्यायचं कबूल करते. दर 15 टक्के धरला तर 15 दिवसांचा फरक सुमारे 61.6 लाख. हे व्याजच, पण वहीत मात्र एक विक्री आणि एक खरेदी. रोखे खरोखर हलवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयात एसजीएल खात्यात (बँकेच्या सरकारी रोख्यांची नोंद ठेवणारं खातं) नोंद बदलावी लागे. ते काम तेव्हा हाताने चालायचं, वेळ खायचं. दोन आठवड्यांत उलटणाऱ्या सौद्यासाठी एवढी खटपट कोण करणार? म्हणून 'अ' बँक बीआर द्यायची: पैसे पोचले, रोखे नंतर देतो, तोवर तुमच्या वतीने आमच्याकडे आहेत.

नियमाने रोखे मिळाले की बीआर परत करून रद्द व्हायला हवी. प्रत्यक्षात 'ब' बँक बीआर तिजोरीत ठेवायची आणि सौदा उलटला की तीच परत द्यायची. रोखे मागायची वेळच आली नाही, तर ते नाहीत हे कळणार कुठून? बँक ऑफ कऱ्हाड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक, दोन्ही छोट्या. त्यांनी कुवतीच्या कितीतरी पलीकडच्या बीआर काढल्या. घेणाऱ्यांनी या बँकांचा ताळेबंद एकदा उघडून पाहिला असता तरी पुरे होतं. आणि हो, अशा पावत्यांवर फक्त मेहताच नाही, इतर दलालही चालत होते. मालिकेत तो भाग मागे पडतो.

क्लिअरिंग
चेकचं सांगतो. नॅशनल हाउसिंग बँकेने चेक काढला एएनझेड ग्रिंडलेजच्या नावाने. मेहतांचं खातं ग्रिंडलेजमध्येच. चेक आणून देणारा दलाल, आणि पैसा कुठे जमा करायचा हेही तोच सांगणार. बँकेच्या नावाचा चेक दलालाच्या सांगण्यावरून त्याच्या खात्यात वळवायचा, अशी रीतच पडली होती. समोरची खरी बँक कोण, हे दोन्ही टोकांना दलालाच्या तोंडून कळायचं. देणाऱ्याने सरळ समोरच्या ट्रेझरीला फोन केला असता तर हा डाव तिथेच अडकला असता.

मालिकावेडा
मग बाजार पडला नसता तर हे चालूच राहिलं असतं?

रोखेबाज
काही काळ, हो. जुना सौदा नव्या सौद्याच्या पैशाने फिटत होता आणि मधला पैसा एसीसी या सिमेंट कंपनीसारख्या शेअर्समध्ये होता. पण साखळी बाजाराने नाही, जुळवणीने तुटली. स्टेट बँकेची वही आणि रिझर्व्ह बँकेकडची एसजीएल शिल्लक ताडून पाहिली, तर सुमारे 500 कोटींचे रोखे कमी. मेहतांनी ते भरले, पण नॅशनल हाउसिंग बँकेच्या पैशातून. म्हणजे खड्डा फक्त सरकला. पत्रकार सुचेता दलाल यांची ही बाहेर काढणारी बातमी 23 एप्रिल 1992ची. आदल्याच दिवशी सेन्सेक्स 4467 वर होता. बाजार गडगडला तो त्यानंतर. नंतर रिझर्व्ह बँकेने चौकशीला नेमलेल्या जानकीरामन समितीने एकूण भोक सुमारे 4 हजार कोटींचं काढलं.

क्लिअरिंग
एसजीएल खात्यातून रोखे हलवायच्या अर्जाचंही तेच. खात्यात शिल्लक नसेल तर अर्ज नाकारला जायचा, पण ते कळेपर्यंत पैसे गेलेले. 1995 पासून रोखे आणि पैसे एकाच वेळी हलतात, म्हणून ती फट बुजली. मालिका परत बघाल तेव्हा ट्रेझरीतल्या दृश्यांत चेक कोणाच्या हातात आहे तेवढं बघा.

मालिकावेडा
आता जुळलं. धन्यवाद, दोघांनाही.