झिप करा, पण साइज कमी व्हायला नाही
मित्राला दोनशे फोटो क्वालिटी न घालवता कसे पाठवायचे, या प्रश्नावर "सगळे फोटो झिप करा म्हणजे साइज निम्मी होईल" असं वर सुचवलंय, ते काही पटलं नाही. जेपेग, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, मुळातच दाबून बसवलेली असते, झिप केल्यावर तिच्यात नावापुरताच फरक पडतो. तरी झिप कराच, कारण दोनशे फोटोंची एकच फाइल होते आणि फोल्डरची नावं जशीच्या तशी राहतात. समोरच्याचं नेट रडत असेल तर फुकटातल्या सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल बनवतानाच खाली 'स्प्लिट टू व्हॉल्यूम्स' हा रकाना आहे, तिथे 100M (म्हणजे 100 एमबीचा एक तुकडा) टाका. मग .001, .002 असे तुकडे पडतात. एखादा अर्ध्यात अडकला तर तेवढाच परत पाठवायचा. मित्राने सगळे तुकडे एका फोल्डरमध्ये ठेवून सेव्हन-झिपनेच .001 उघडायचा, बाकीचे आपोआप जोडले जातात.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा सल्ला मात्र बरोबर आहे. 2 जीबीपर्यंतची फाइल जाते आणि फोटोची वाट लागत नाही. फक्त एक गोष्ट इथे कुणी बोललं नाही: मूळ फाइल गेली की तिच्यातली माहितीही सोबत जाते. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर फोटो नेमका कुठे काढला तेसुद्धा. जिवलग मित्राला पाठवताना काय फरक पडतो म्हणा, पण तीच झिप पुढे सोसायटीच्या ग्रुपवर फिरणार असेल तर आधी लोकेशन काढून टाका. विंडोजमध्ये फोटोवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तळाशी 'रिमूव्ह प्रॉपर्टीज'.