अ‍ॅपमधलं नेमकं काय ब्लॉकचेनवर जायला हवं?

कमी_गॅस (धागाकर्ता)

नव्या अ‍ॅपचा आराखडा करताना प्रोफाइल, फोटो, शेरे, व्यवहार, सगळंच चेनवर (ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेकांकडे प्रती असलेल्या, मागाहून न बदलता येणाऱ्या सामायिक नोंदवहीवर) टाकायचा आग्रह सर्रास दिसतो. मला तो साफ चुकीचा वाटतो. ज्या नोंदीवरून दोन पक्षांत वाद होऊ शकतो आणि तो मिटवायला दोघांनाही मान्य असा तिसरा कुणी नाही, तेवढीच नोंद चेनवर जावी. मालकी कुणाची, पैसे कोणत्या अटीवर सुटणार, एवढंच. बाकीच्याला साधा डेटाबेस पुरतो.

आधी खर्च पाहा. इथेरियम या ब्लॉकचेनवर ३२ बाइट्सची एक नवी नोंद कॉन्ट्रॅक्टच्या (चेनवर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) साठवणीत लिहायला २०,००० हून जास्त गॅस जातो; गॅस म्हणजे ज्यावरून शुल्क ठरतं ते कामाचं माप. नुसतं इथर, म्हणजे तिथलं नाणं, पाठवायला लागतो २१,०००. म्हणजे एक किलोबाइट मजकूर ठेवायचा तर तीसेक वेळा इथर पाठवण्याइतका गॅस. मग तिथं फोटो कशासाठी?

प्रमाणपत्रांचं उदाहरण घेतो. एका संस्थेनं १,०२४ प्रमाणपत्रं दिली. प्रत्येकाचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठराविक लांबीचा ठसा, काढायचा, दोन-दोन हॅश जोडून पुन्हा हॅश काढायचा. असं वर चढत गेलं की दहाव्या पायरीला ३२ बाइट्सचा एकच हॅश उरतो. चेनवर तेवढाच जातो. धारकाजवळ मूळ प्रमाणपत्र आणि वाटेतले दहा हॅश, म्हणजे ३२० बाइट्स, असले की कुणीही पडताळणी करू शकतं. नाव, गुण, जन्मतारीख यांतलं काहीच चेनपर्यंत पोचत नाही.

मूळप्रत

खर्चाचं गणित मान्य, निष्कर्ष अजिबात नाही. हॅशवरून मूळ फाइल परत मिळत नाही. फाइल ज्या सर्व्हरवर आहे तो बंद पडला, की चेनवरच्या त्या ३२ बाइट्सचा कुणाला काय उपयोग?

क्रिप्टोपंक्स या डिजिटल चित्रसंग्रहाचंच बघा. २०१७ मध्ये ती १०,००० चित्रं आली तेव्हा कॉन्ट्रॅक्टमध्ये सगळ्यांच्या एकत्रित चित्राचा फक्त हॅश होता. २०२१ मध्ये ती चित्रं चेनवर चढवावी लागली, कारण 'हे माझं' म्हणताना 'हे' म्हणजे काय तेच चेनला ठाऊक नव्हतं. माझा नियम असा: नोंदीचा अर्थ लावायला जे जे लागतं ते नोंदीसोबतच हवं. लहान असेल तर थेट चेनवर. मोठं असेल तर निदान तीन-चार स्वतंत्र ठिकाणी, आणि ते कोण सांभाळणार हे आधी ठरवून.

दुसरं म्हणजे नियम. मालकी चेनवर आणि ती कशी बदलायची याचा निर्णय तुमच्या सर्व्हरवर, असं असेल तर खरा मालक सर्व्हरवालाच. ते मला घातक वाटतं, कारण वापरणाऱ्याला आपण सुरक्षित आहोत असं उगाच वाटत राहतं.

सॉल्ट_विसरू_नका

हॅश टाकला म्हणजे माहिती झाकली गेली, हा समज आधी सोडा. दहा आकडी फोन नंबर घ्या. शक्यता होतात जास्तीत जास्त एक हजार कोटी. एखादं चांगलं ग्राफिक्स कार्ड त्या सगळ्यांचे हॅश मिनिटाच्या आत काढतं. म्हणजे नंबर उघडाच टाकल्यासारखं झालं, तोही कायमचा. शिवाय युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याचं १७ वं कलम माणसाला आपली माहिती पुसून घ्यायचा हक्क देतं. चेनवरून काय पुसणार? म्हणून प्रत्येक नोंदीला वेगळा, लांबलचक यादृच्छिक सॉल्ट, म्हणजे हॅश काढण्याआधी माहितीला जोडायचा मजकूर, लावा आणि तो चेनबाहेर ठेवा. मूळ माहिती आणि सॉल्ट दोन्ही नष्ट केले की उरलेल्या हॅशवरून कुणी मागे जाऊ शकत नाही. मूळप्रत, माणसांच्या माहितीला तुमचा 'सगळं सोबतच' हा नियम लावू नका, ही कळकळीची विनंती.

साधी_टेबलं

मी आणखी मागचा प्रश्न विचारतो: चेन हवीच का? २०११ मध्ये डिजिनोटार ही वेबसाइट खरी असल्याचं प्रमाणपत्र देणारी डच कंपनी हॅक झाली, गूगलच्या नावाचं खोटं प्रमाणपत्र बाहेर पडलं. त्यानंतर सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी ही अशा प्रमाणपत्रांची नोंदव्यवस्था उभी राहिली. त्यात धागाकर्त्यानं सांगितलेलं तेच हॅशचं झाड (मर्कल ट्री) आहे, पण नाणं नाही, मायनिंग (नाण्यांच्या बदल्यात नोंदी पक्क्या करणं) नाही, गॅस नाही. नोंदवही सगळ्यांना खुली, कुणीही तपासावी. वेबसाइटांच्या प्रमाणपत्रांवर आज ती नजर ठेवते.

उलट मर्स्क आणि आयबीएमचं ट्रेडलेन्स पाहा. जहाजावरच्या मालाची कागदपत्रं ब्लॉकचेनवर आणायचा एवढा मोठा प्रयत्न, पण २०२२ मध्ये तो बंद करायचं जाहीर झालं. कारण दिलं ते असं, की उद्योगातल्या सगळ्यांचं सहकार्य मिळालं नाही. चेननं ते सहकार्य आणून दिलं नाही.

कमी_गॅस (धागाकर्ता)

@साधी_टेबलं, उदाहरण नेमकं आहे, पण तिथंच सीमा दिसते. खुल्या नोंदवहीत लबाडी नंतर उघडकीस येते. खोटं प्रमाणपत्र सापडलं की रद्द करता येतं, म्हणून तिथं ते चालतं. एकच टोकन (चेनवरची मालकीची नोंद) दोघांना विकलं गेलं तर? नंतर कळून काय फायदा, पैसे गेलेले असतात. तिथं दुसरा व्यवहार मुळात होताच कामा नये, आणि त्यासाठी व्यवहारांच्या क्रमावर सगळ्यांचं एकमत लागतं. चेनचं खरं काम हेच. माझी कसोटी आता अशी मांडतो: गैरप्रकार नंतर सापडून चालत असेल तर खुली नोंदवही, आधीच अडवायला हवा असेल तर चेन. माझं प्रमाणपत्रांचं उदाहरण या कसोटीवर चेनबाहेरच जातं, हे मान्य.

@मूळप्रत, नियम चेनवर हवेत हे पटलं.

मूळप्रत

मग नियम बदलायची किल्ली कुणाकडे तेही बघा. अपग्रेड करता येणारं कॉन्ट्रॅक्ट आणि त्याची अ‍ॅडमिन की एकाच लॅपटॉपवर, अशी व्यवस्था मला साध्या सर्व्हरपेक्षा वेगळी वाटत नाही. आणि डिसेंबर २०२१ मधला बॅजरडाओ या क्रिप्टो गुंतवणुकीच्या सेवेवरचा हल्ला विसरू नका. कॉन्ट्रॅक्ट शाबूत होतं. वेबसाइटमध्ये घुसवलेल्या स्क्रिप्टनं लोकांकडून वॉलेटमधले पैसे हलवायची परवानगी काढून घेतली आणि सुमारे १२ कोटी डॉलर गेले. चेनबाहेर काय ठेवायचं ते ठरवलंत, पण त्या भागाची राखण कोण करणार, हे तुमच्या आराखड्यात मला अजून दिसलेलं नाही.