गावी एकट्या राहणाऱ्या आईची तब्येत लांबून कशी सांभाळता?

गडहिंग्लजकर_बंगळुरात
आई ८१ ची, गडहिंग्लजजवळच्या गावात एकटी राहते. बाबा गेल्यापासून इकडं चल म्हणून मागं लागलोय पण ती तयार नाही, आणि खरं सांगायचं तर तिचं बरोबरच आहे, इथं दहाव्या मजल्यावर ती करणार काय. बीपी, शुगर, गुडघे, पायाला सूज येते म्हणून लघवीची गोळी. मावशी सकाळी कामाला येतात, दुपारनंतर कोणी नसतं. मध्यंतरी तिन्हीसांजेला चक्कर येऊन पडली, हाड मोडलं नाही पण तेव्हापासून अंगातला जोरच गेलाय, भिंत धरून चालते, खाणं कमी झालंय.

मी एका कंपनीचं पॅकेज घेतलं, घड्याळ, बीपी-शुगरची मशीन, हॉलमध्ये कॅमेरा, रोज कॉल सेंटरचा फोन. दरवेळी नवीन मुलगी, हिंदीत विचारणार "माताजी, आज शुगर कितना है". आई आता फोनच उचलत नाही. घड्याळ डब्यात, कॅमेऱ्यावर टॉवेल. मावशी सकाळी रीडिंग घेऊन भरतात, त्यामुळं ॲपमध्ये सगळं हिरवंगार. रिन्यूअल आलंय, करू का? तुम्ही लोक काय करता?

झणझणीत_काकू
टॉवेल टाकला ते बेस्ट केलं आईंनी!! लावायच्या आधी विचारलं होतं का त्यांना? म्हातारं माणूस असलं म्हणून काय झालं, स्वतःच्या घरात पदर सारखा करायला पण कॅमेऱ्याकडं बघायचं का. काढा तो आधी. आणि ते "माताजी" पण.

डॉक_मिरज
रिन्यूअलचं नंतर बघू. आधी दोन गोष्टी सांगा, शुगरची गोळी कुठली, आणि चक्कर कुठल्या दिवशी, किती वाजता येते? पडल्या त्या दिवशी काय खाल्लं होतं? मावशींना विचारा, ॲपमध्ये सापडणार नाही.

गडहिंग्लजकर_बंगळुरात
डॉक्टर, गोळी ग्लिमेपिराइड, सकाळी एक. मावशी म्हणतात त्या दिवशी संकष्टी होती. आई संकष्टी, दोन्ही एकादशा, गुरुवार, सगळं धरते. आणि "उपासाच्या दिवशी त्या जरा गप्पच असतात" असंही म्हणाल्या.

डॉक_मिरज
मला तीच शंका होती. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो नसो शुगर खाली आणते. संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत जेवण नाही, सकाळी गोळी घेतलेली, दिवसभर चहा आणि एखादं केळं, म्हणजे संध्याकाळी शुगर घसरायला पूर्ण वाव. या वयात किडनी मंद झाली असेल तर औषध अंगात जास्त वेळ राहतं. सकाळच्या उपाशीपोटीच्या आकड्यावरून संध्याकाळी सहाचं काही कळत नाही, म्हणून तुमचं ॲप हिरवं. म्हाताऱ्या माणसांत दरवेळी घाम-थरथर दिसेलच असं नाही, नुसतं गप्प होणं, घोटाळल्यासारखं बोलणं, तोल जाणं एवढंच दिसतं. बीपीच्या काही गोळ्यांनी धडधड पण झाकली जाते.

आता गोळी स्वतःहून बंद करू नका आणि आईंना उपास सोडा असंही सांगू नका, त्या उपास चोरून करतील आणि आपल्याला कळणारही नाही. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना उद्याच फोन करून उपासाचे दिवस सांगा, त्या दिवशी गोळीचं काय करायचं ते ठरवून घ्या, किंवा शुगर न पाडणारी दुसरी गोळी चालेल का विचारा. इतक्या थकलेल्या माणसाची एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) साडेसहावर आणायचा हट्ट धरत नाहीत, आठच्या आसपास चालते. तोपर्यंत उपासाच्या दिवशी दुपारी चार-पाचला एकदा शुगर बघायची. ७० च्या खाली आली तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत बघायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८.

दुसरं, बीपी नुसता बसवून घेऊ नका. पाच मिनिटं आडवं झोपवून घ्या, मग उभं करून एक मिनिटाला आणि तीन मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर लघवीच्या आणि बीपीच्या गोळ्यांकडं परत बघावं लागतं. शेजारी कोणीतरी धरायला हवं.

नर्सताई_लीड्स
मी इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये (तिथली सरकारी आरोग्यसेवा) आहे, इकडे "व्हर्च्युअल वॉर्ड" असतात, म्हणजे पेशंट घरीच आणि टीम लांबून लक्ष ठेवते, थकलेल्या वृद्धांसाठी वेगळे असतात. पण एक सांगते, तिथेही नुसत्या मशीनवर कोणी विसंबत नाही, गरज पडली की नर्स किंवा थेरपिस्ट घरी जातात. आणि आम्ही सुरुवातच "तुम्हाला कशाची काळजी वाटते, काय करता आलं पाहिजे" इथून करतो. कोणी म्हणतं मला जिना चढून वर झोपायचंय, कोणी म्हणतं कुत्र्याला फिरवायचंय. मग त्यावरून औषधं, व्यायाम, काय मोजायचं ते ठरतं. तुमच्या आईंना हे कोणी विचारलंय का? कॉल सेंटरला "आज उपास आहे का" असा रकाना कुठून असणार.

झणझणीत_काकू
+१. आणि फोन मराठीत, एकाच माणसाचा, ठरलेल्या वेळी. आमच्या सासूबाई फिजिओच्या मुलीशी व्हिडिओवर आधी पंधरा मिनिटं लोणच्याच्या गप्पा मारायच्या, मग खुर्चीतून हात न टेकता उठायचा व्यायाम करायच्या. गप्पा नसत्या तर उठल्याच नसत्या.

आजरा_घाट
व्हिडिओ वगैरे ठीक, पण आमच्याकडं पावसाळ्यात लाईट आणि रेंज दोन्ही एकदम जातात तेव्हा साधा फोन आणि शेजारी हेच खरं. गावात आयुष्मान आरोग्य मंदिर (सरकारी आरोग्य केंद्र) असेल तर तिथल्या सीएचओ मॅडम, म्हणजे आरोग्य अधिकारी, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून मोठ्या डॉक्टरांशी जोडून देतात, फुकट आहे, आणि मुख्य म्हणजे आईंच्या शेजारी कळणारं माणूस बसलेलं असतं. पण दरवेळी तोच डॉक्टर मिळेल असं नाही, तेव्हा सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्यायची. त्यात मेडिकलमधून आणलेली गुडघेदुखीची गोळी पण. ती असतेच.

गडहिंग्लजकर_बंगळुरात
काल रात्री आईशी बोललो, शुगर-बिगर काही न विचारता, नर्सताईंनी सांगितलं तसं नुसतं काय करावंसं वाटतं विचारलं. आधी "मला काय धाड भरलीय" झालं. मग म्हणाली गुरुवारी देवळात भजनाला जायचंय, बंद झालंय ते. का तर लघवीची गोळी घेतली की सारखं उठावं लागतं, देवळाजवळ सोय नाही, चारचौघात लाज वाटते. म्हणून गुरुवारी ती गोळीच घेत नाही!! शुक्रवारी पाय सुजतात. आणि गुडघ्याची गोळी पण निघाली, आजराकर.

डॉक_मिरज
गुडघ्याची पेनकिलर असेल तर तीच पाय सुजवू शकते, बीपी वाढवते, लघवीच्या गोळीबरोबर किडनीलाही वाईट. नाव डॉक्टरांना नक्की सांगा. लघवीच्या गोळीची वेळ भजनाप्रमाणे पुढंमागं करता येते का तेही विचारा, बऱ्याचदा येते, फक्त फार उशिरा नको, नाहीतर रात्री अंधारात उठताना पडतील. डॉक्टरांनी त्यांना समोर तपासलेलं असेल तर हे सगळं फोनवर होऊ शकतं, २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत सहा महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी बोलणं फॉलोअपमध्येच धरतात. आईंना फोनवर घ्या, तुम्ही एकटेच बोलू नका.

पॅकेजचं म्हणाल तर बंद करा. शुगरचं मशीन, बीपीचं मशीन ठेवा आणि एक वजनकाटा घ्या. सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टर. बाकी रोज आकडे नकोत. मावशींना दुपारी चारला एक चक्कर मारायला जमेल का बघा, पॅकेजचे पैसे त्यांना द्या.

गडहिंग्लजकर_बंगळुरात
मावशी हो म्हणाल्या, उपासाच्या दिवशी नक्की येतो म्हणाल्या. डॉक्टरांचा फोन उद्या अकराला. कॅमेरा कुणाला हवाय का, जवळजवळ नवीन आहे.