सिद्धेश्वर: शब्दखेळात दहा घरं, दुरुस्तीनंतर खेळ सांभाळणाऱ्याकडे चार आणि माझ्याकडे सहा. खरं कुठलं धरायचं?

रॅम_काढून_पुसून_बघा

नमस्कार मंडळी. मी प्रोग्रामर नाही, हे आधीच सांगून टाकतो. सोलापुरात अशोक चौकाजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, १९ वर्षं झाली. गिऱ्हाइकांनी "भंगारात घाल" म्हणून सोडलेल्या मशीनमधनं इकडचा मदरबोर्ड, तिकडची हार्डडिस्क असं करत सात उभ्या केल्या आणि जवळच्या एका शाळेत लिनक्स टाकून बसवल्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तासभर तिथं जातो. बायको म्हणते, गिऱ्हाइकाच्या मशीनला इतका वेळ दिला असतास तर.

जीकॉम्प्री, टक्स पेंट ही पोरांच्या प्रोग्रामांतली नेहमीची मंडळी सगळ्या मशीनवर आहेतच, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला एक छोटा शब्दखेळही आहे. वर चित्र दिसतं, खाली रिकामी घरं असतात, पोरांनी अक्षरं भरायची. दोन-तीन स्वयंसेवक फावल्या वेळात तो सांभाळतात. मुख्य माणूस परदेशातला, त्याला देवनागरी वाचता येत नाही. खेळाचं नाव लिहीत नाही. फुकट राबणाऱ्या माणसाला चारचौघांत नावं ठेवायची माझी इच्छा नाही.

त्यात मराठी शब्द होते, पण कसले? कमळ, बदक, मगर, नळ, घर. पहिलीच्या पुस्तकातली पहिली चार पानं. तिसरीची पोरं दहा मिनिटांत संपवून एकमेकांच्या खोड्या काढायला लागली. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी शंभरेक शब्द घातले: चादर, भाकरी, ज्वारी, हुरडा, यंत्रमाग, किल्ला, तलाव, सिद्धेश्वर. फोटोही माझेच. यंत्रमागाचा फोटो शेजारच्या कारखान्यात जाऊन काढला, तर मालकाला वाटलं मी कुठल्या खात्याचा माणूस आहे.

पुढच्या शनिवारी एक पोरगी सिद्धेश्वरच्या चित्रापाशी अडकली. खाली दहा घरं. तिनं बोटांवर मोजलं, सि, द्धे, श्व, र. चार. परत मोजलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, ह्याला मोजायला येईना की." मी जाऊन बघतो तर एका घरात नुसती वेलांटी, टिंबाटिंबांच्या गोलाला लटकलेली. दुसऱ्यात नुसता पाय मोडायची खूण.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत बग, म्हणजे खेळातली चूक, नोंदवला, स्क्रीनशॉट जोडला. दोन दिवसांत त्या मुख्य माणसाचं उत्तर आलं, अगदी सभ्य. आठवड्याभरात त्यानं अक्षरं तोडायची एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, वापरून दुरुस्ती केली आणि स्वतःच्या मशीनवरचा फोटो पाठवला: चार घरं. मी खूश. शाळेत टाकलं तर सहा! सि, द्, धे, श्, व, र. कोड तोच, खेळाची आवृत्ती तीच. पुसून परत टाकलं, तरी सहाच.

आता तो विचारतोय की तुमच्या भाषेत बरोबर उत्तर चार की सहा, मला नियम लिहून पाठवा. शाळेत दोन गुरुजींना विचारलं. एक म्हणाले चार. दुसरे म्हणाले, जोडाक्षर फोडून दाखवलेलं पोरांना बरं, म्हणजे सहाच ठेवा. मी मधल्या मध्ये.

तर दोन प्रश्न. एकाच कोडला दोन मशीनवर दोन उत्तरं का? आणि त्या माणसाला काय कळवू?

---

अर्धविराम_विसरलो

काका, तुमच्या रॅम चांगल्या आहेत, पुसू नका.

१०, ६ आणि ४ हे तिन्ही आकडे "बरोबर" आहेत, फक्त मोजणारा प्रत्येक वेळी वेगळा. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक द्यायची पद्धत, आणि त्यात प्रत्येक मात्रेला आणि हलन्ताला (पाय मोडायच्या खुणेला) स्वतंत्र क्रमांक असतो. सिद्धेश्वर म्हणजे स, ि, द, ्, ध, े, श, ्, व, र. पायथनला लांबी विचारली की तो हेच दहा मोजतो. "कमळ" मात्र कसंही मोजा, तीनच. म्हणून तुम्ही शब्द घालेपर्यंत हा बग कुणाला दिसलाच नव्हता. खेळ इंग्रजीतल्या ए-बी-सी-डीच्या हिशेबानं लिहिलेला, आणि मराठी यादी तपासणाऱ्यानं बदक-मगर बघून हिरवा कंदील दिला असणार.

आता सहा आणि चार. माणूस ज्याला एक अक्षर समजतो ते कुठं संपतं, ह्याचे नियम युनिकोडच्या २९ क्रमांकाच्या परिशिष्टात आहेत. जुन्या नियमात हलन्त मागच्या व्यंजनाला चिकटायचा, पण पुढच्या व्यंजनाशी सांधा जुळत नसे. म्हणून द् वेगळा, धे वेगळा. सप्टेंबर २०२३मध्ये युनिकोडची १५.१ आवृत्ती आली, त्यात हा सांधा जोडणारा नियम घातला. तेव्हापासून द्धे एक, श्व एक, एकूण चार. त्याच्या लॅपटॉपवर नवी लायब्ररी आहे. तुमच्या शाळेतल्या मशीनवर लिनक्सच्या जुन्या आवृत्तीबरोबर आलेली असणार, आणि तिथं नेट नसेल तर ती तशीच राहिली. अंदाज सांगतोय, पण आवृत्ती बघाच.

माझं मत: लायब्ररी अपडेट करा असं त्याला सांगू नका. जुन्या मशीन काय एकट्या सोलापुरात नाहीत. खेळातच दहा-बारा ओळींचा नियम घालता येतो. एक व्यंजन, मग हलन्त आणि व्यंजन अशा जोड्या जितक्या येतील तितक्या, मग मात्रा, मग अनुस्वार-विसर्ग. एवढं मिळून एक घर.

आणि त्याला व्याकरण समजावत बसू नका. ज्याला लिपी वाचता येत नाही त्याला तक्ता द्या: डावीकडे शब्द, उजवीकडे घरं. ज्वारी २, किल्ला २, भाकरी ३, सिद्धेश्वर ४. तोच तक्ता टेस्ट म्हणून कोडमध्ये बसेल, म्हणजे पुढं कुणी काही बदललं आणि ज्वारीची तीन घरं झाली तर मशीनच बोंब मारेल. फक्त चार की सहा हे माझ्यासारख्यानं ठरवू नये. शिकवणारं कुणी आहे का इथं?

---

तिसरीच्या_बाई

आहे ना. चार.

जोडाक्षर एकच अक्षर. त्याच्याबद्दल शाळेत वाद व्हावा ह्याचंच मला नवल वाटतं. आपल्याकडे अक्षरं मोजायची सवय कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. तिथं जोडाक्षर दोन धरलं तर एकाही अभंगाचा हिशेब लागायचा नाही. तुमच्या त्या गुरुजींचंही अगदीच चूक नाही म्हणा. द् + ध = द्ध असं फोडून दाखवतोच आम्ही फळ्यावर. पण तो वेगळा पाठ. घरं मोजताना पोरगं तोंडानं जे म्हणतं तेच मोजतं, आणि त्या मुलीनं तेच केलं. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा.

एक अडचण तुम्हाला अजून दिसलेली नाही, कारण तुम्ही आकडाच बघताय. चार घरं झाल्यावर पोरं टाइप कशी करणार? द्धे लिहायला इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर चार बटणं लागतात. आमच्या शाळेतल्या अशाच एका खेळात द दाबला की कर्सर टुणकन पुढच्या घरात, आणि हलन्त पुढच्या घरात जाऊन पडायचा. माझी पोरं रडकुंडीला यायची. तेव्हा नवीन अक्षर सुरू झाल्याशिवाय घर बदलू नये, हेही त्याला कळवा.

आणि "अर्थात्"सारखा शब्द असेल तर शेवटच्या त् ला घर द्या. छंदात तो मोजत नाहीत, पण घरच नाही दिलं तर पोरगं तो लिहिणार कुठं?

---

पूर्वभाग_रिटर्न्स

काका, तुमच्या दुकानात माझा पहिला कीबोर्ड दुरुस्त झालाय, चहा सांडलेला. आता पुण्यात असतो.

आमच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड. त्यामुळं एक खडा टाकतो. २०२३चा तो जोडाक्षराचा नियम सगळ्या भारतीय लिप्यांना लागू केला नव्हता. देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू, मल्याळम एवढ्यांनाच. कन्नड त्यात नव्हती. म्हणजे आपल्या इथल्या कन्नड माध्यमाच्या पोरांनी हा खेळ उघडला तर नवी लायब्ररी टाकूनही जोडाक्षराची दोन घरं. अर्धविराम म्हणतो तसा नियम खेळातच घालणार असाल तर देवनागरीपुरता लिहू नका, व्यंजनांची आणि हलन्ताची यादी लिपीनुसार बदलता येईल असा लिहा. तेलुगू आणि कन्नडचे शब्द मी देतो. मोजून द्यायला आजी आहे, तिच्यापुढं परिशिष्ट २९ची काही टाप नाही.

बाकी सोलापूरच्या ग्रामदैवताच्या नावावरच बग सापडावा, हे त्याच्याच गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर शोभून दिसतंय.

---

रॅम_काढून_पुसून_बघा

तीन आठवड्यांनी येतोय, माफ करा. यात्रेत सीसीटीव्हीची कामं होती.

लायब्ररीची आवृत्ती बघितली, २०२२ची निघाली. अंदाज बरोबर होता. मग तक्ता पाठवला, १२ शब्दांचा. बाईंनी सांगितलेला कर्सरचा मुद्दा निराळा बग म्हणून नोंदवला. तो माणूस तक्त्यावर इतका खूश झाला की विचारू नका. म्हणाला, गेली दोन वर्षं मला कुणी "तुमच्यात आमची भाषा नीट दिसत नाही" एवढंच लिहायचं, नीट म्हणजे काय ते कुणी सांगत नव्हतं. "अर्थात्"ची घरं तीन का आणि "किल्ला"ची दोन का, ह्यावर तीन वेळा विचारलं. बाईंचं "लिहिणार कुठं" हे वाक्य इंग्रजीत करून पाठवलं, तेव्हा पटलं.

नियमाचा कोड अर्धविरामनं लिहिला, कन्नड-तेलुगूचे १० शब्द पूर्वभागच्या आजीकडून आले. मी काय केलं? सात मशीनवर टाकून बघितलं. सातव्या मशीनवर खेळच उघडेना. त्यात आमचा दोष नव्हता, हार्डडिस्क गेली होती. दुरुस्ती मंजूर झाली तेव्हा बदलांच्या नोंदीत आम्हा सगळ्यांची टोपणनावं आली. माझं इंग्रजी अक्षरात लिहिलेलं फारच विचित्र दिसतंय, पण प्रिंट काढून दुकानात लावलंय.

शनिवारी त्या पोरीला बसवलं. चार घरं. तिनं भरली, हिरवी झाली, पुढं गेली. काही बोलली नाही. मला वाटलं होतं काहीतरी म्हणेल.

पाचेक मिनिटांनी परत हाक. "दुसऱ्या" हा शब्द. घरं तीन, बरोबर आहेत. तिनं भरलेलंही बरोबर दिसतंय, पडद्यावर माझ्या यादीतल्या शब्दात आणि तिच्या शब्दात तसूभर फरक नाही. तरी शेवटचं घर लाल. मी स्वतः टाइप केलं, तरी लाल. यादी मी मोबाइलवर लिहिली होती, पोरं इन्स्क्रिप्टवर लिहितात. त्याचा काही संबंध?

---

अर्धविराम_विसरलो

तोच संबंध. चंद्रकोरीसारखा तो अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून येणारा ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे, मशीनला वेगळे. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची रीत, चालवलं तरी हे दोन एक होत नाहीत, म्हणून तपासणीआधी आपल्यालाच दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर करावं लागेल. ॲ चंही तसंच: एक सलग अक्षर, एक अ वर चंद्र. यादीत "ॲ"चा शब्द असेल तर तोही लाल होणार, बघून ठेवा.

नवीन बग नोंदवा काका, जुन्यात घुसडू नका. शीर्षकात "दिसायला सारखं, तरी चूक" असं लिहा. आणि ह्या वेळी नोंदवणाऱ्याचं नाव तिचं टाका. म्हणजे टोपणनाव, खरं नको. काय हवं ते तिलाच विचारा.

---

रॅम_काढून_पुसून_बघा

विचारलं. "मोजणारी" म्हणाली.